सही माझी, ऋण उद्याचे

तो लिफाफा आठ दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर पडून होता. २०२४ सालचा ऑक्टोबर महिना; घरात घट बसलेले. कॅलिफोर्नियात प्रत्येक नोंदलेल्या मतदाराला मतपत्रिका टपालाने घरी येते. ती घरीच भरायची, लिफाफ्यावर सही करायची आणि गावातल्या मतपेटीत टाकून यायचे, एवढेच काम. राष्ट्राध्यक्ष कोण व्हावा याचा निर्णय मी हातातला चहा संपायच्या आत केला. मी अडले ती शेवटच्या पानावरच्या एका साध्या प्रश्नापाशी. आमच्या भागातल्या सरकारी हायस्कुलांच्या इमारती दुरुस्त करण्यासाठी कर्ज काढावे काय? होय की नाही?

माझे वय तेव्हा ७८. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी जन्मले, तीस वर्षे शाळेत शिकवले, आमचे हे गेल्यावर मुलाकडे आले आणि यथावकाश इथली नागरिकही झाले. जिने उभा जन्म शाळेत घालवला तिने शाळेच्याच प्रश्नाला अडून बसावे, याचे मुलाला हसू आले. पण अडण्यासारखे त्यात काहीतरी होते खास. ते कर्ज फिटायला तीस वर्षे लागणार होती. म्हणजे शेवटचा हप्ता जाईल तेव्हा मी १०८ वर्षांची असेन! सही माझी आणि फेडणारे भलतेच. असल्या सहीला आपल्याकडे काय म्हणतात ते वाचकांना सांगायला नको.

ही व्यवस्था आपल्या माणसांना जरा नवलाची वाटेल, म्हणून थोडी सांगते. इथल्या सरकारी शाळा त्या त्या भागाचे निवडलेले शाळा-मंडळ चालवते. शिक्षकांचे पगार, पुस्तके हा रोजचा खर्च पुष्कळसा राज्याच्या तिजोरीवर असतो. पण छप्पर गळू लागले, नळ गंजले, विजेच्या तारा जुन्या झाल्या, की एकदम मोठी रक्कम लागते. मग मंडळ कर्जरोखे विकायला काढते. त्यांना इथे बाँड म्हणतात. रोखे घेणारे रक्कम देतात, मंडळ ती व्याजासह वर्षानुवर्षे फेडते, आणि त्या फेडीसाठी भागातल्या प्रत्येक घरावर आणि जमिनीवर जादा कर बसतो. मात्र हे सारे लोकांना विचारून. पूर्वी त्यासाठी दोन-तृतीयांश मते लागत. २००० सालच्या नोव्हेंबरात लोकांनीच ती अट सैल करून शंभरात पंचावन्नावर आणली, पण त्याबदली मंडळांचे हात चांगलेच बांधले. कोणती कामे करणार त्यांची यादी आधी छापायची, त्यातला एक डॉलरही पगारावर खर्चायचा नाही, दर वर्षी हिशेब तपासून घ्यायचा आणि नागरिकांची एक देखरेख समिती नेमायची. शिवाय एका बाँडपायी हायस्कूल-मंडळाचा कर घराच्या आकारणीवर लाखामागे वर्षाला ३० डॉलरांच्या आत राहील, असा अंदाज आधी दाखवायचा.

आमच्या घराची आकारणी बारा लाखांची. म्हणजे वर्षाला फार तर ३६० डॉलर.

“आई, आपला पोरगा तर त्या शाळेतून केव्हाच बाहेर पडला,” मुलगा म्हणाला. “आता दुसऱ्यांच्या पोरांसाठी आपण का भरायचं? आणि गंमत बघ, मत तू देणार, कर मी भरणार!”

तो थट्टेने बोलला, पण मला ते लागले. खरेच, घर माझे नाही, कर मी भरत नाही, शाळेत माझे मूल नाही. मग मला विचारतातच का? हा प्रश्न या देशात कोर्टात जाऊन आलेला आहे, हे मला नंतर कळले. न्यूयॉर्क राज्यात एक ३१ वर्षांचा अविवाहित शेअरदलाल आईवडिलांच्या घरी राहत होता. ज्याची मालमत्ता नाही, जो कुळ नाही आणि ज्याचे मूल शाळेत नाही, त्याला शाळा-मंडळाच्या निवडणुकीत मत नाही, असा तिथला कायदा. त्याने दावा लावला आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. पुढल्याच वर्षी बाँडच्या मतदानातही केवळ घरमालकांनाच मत ठेवता येणार नाही असे ठरले. कर काय, भाडेकरूच्या भाड्यातूनही जातोच. आणि शाळा बिघडली तर तिची झळ साऱ्या गावाला पोचते. तेव्हा माझा हक्क पक्का होता. पण हक्क असणे निराळे आणि तो कसा वापरावा हे कळणे निराळे. कोर्ट पहिल्याचा निकाल देते. दुसऱ्याचा ज्याचा त्याने लावायचा.

दुसरा निकाल मला लागेना, याचे कारण माझी शेजारीण.

कुंपणापलीकडे एक अमेरिकन बाई राहतात. वय माझ्याहून तीन वर्षांनी अधिक. उभा जन्म दवाखान्यात नर्स म्हणून काढलेला. त्यांच्या झाडाची लिंबे आमच्या घरी येतात आणि आमच्या फोडणीचा वास त्यांच्या घरी जातो, असा आमचा शेजार. त्यांनी ते घर १९७६ साली घेतले. १९७८ च्या एका प्रसिद्ध प्रस्तावाने इथे घराची आकारणी खरेदीच्या किमतीला बांधली गेली आहे आणि ती वर्षाला शेकडा दोनांपेक्षा जास्त वाढत नाही. त्यामुळे आमच्या घराशेजारचेच, तेवढेच घर, पण त्यांची आकारणी जेमतेम दोन लाखांची. त्यांच्यावर पडणार होते वर्षाला साठ डॉलर. तरी त्या ‘नाही’ म्हणणार होत्या. मला वाटले, साठ डॉलरसुद्धा जड जात असतील. तसे मी आडवळणाने विचारलेही.

“पैशाचं नाही हो,” त्या म्हणाल्या. “मी माझ्या बापाचं कर्ज फेडलं आहे. ते काढताना मला कुणी विचारलं नव्हतं. आता जी मुलं अजून जन्मलीही नाहीत त्यांच्या नावावर मी कर्ज लिहू? त्यांना मत आहे का?”

यावर मला पटकन उत्तर सुचले नाही.

त्या बाईंना ठाऊक असो वा नसो, त्यांचा प्रश्न त्यांच्या देशाइतकाच जुना आहे. १७८९ सालच्या सप्टेंबरात थॉमस जेफर्सन पॅरिसमध्ये होता. तिथून त्याने आपला मित्र मॅडिसन याला एक लांबलचक पत्र लिहिले. पृथ्वी जिवंत माणसांच्या उपभोगासाठी आहे, मेलेल्यांचा तिच्यावर हक्क चालत नाही, असे त्याचे म्हणणे. मृत्यूचे तक्ते पुढे घेऊन त्याने हिशेबही केला : एका पिढीचा अंमल सुमारे एकोणीस वर्षे, त्यापुढे तिने काढलेले कर्ज पुढच्या पिढीला बांधू नये. मॅडिसनने १७९० च्या फेब्रुवारीत उत्तर धाडले. गेलेली माणसे नुसते कर्ज ठेवून जात नाहीत, त्यांनी केलेल्या सुधारणाही ठेवून जातात. ज्याला त्यांचा लाभ, त्याच्यावर त्यांचा भार, असा त्याचा सूर. दोघेही पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. जेफर्सनने तर म्हातारपणी व्हर्जिनियाचे विद्यापीठ उभारले. पण १८२६ साली तो वारला तो डोक्यावर भले मोठे कर्ज ठेवून, आणि १८२७ च्या जानेवारीत त्याच्या मळ्यावरचे सुमारे १३० गुलाम लिलावाला निघाले. मेलेल्याचे कर्ज जिवंतांनी फेडू नये असे म्हणणाऱ्याचे कर्ज फेडले कुणी, तर ज्यांना त्या कर्जातला छदामही मिळाला नव्हता अशांनी. हे वाचले त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

आपल्याकडे ऋणाची कल्पना निराळी आहे. माणूस जन्मतो तो ऋणे घेऊनच, असे वैदिक काळापासून मानीत आले. देवांचे ऋण, ऋषींचे ऋण, पितरांचे ऋण. लहानपणी मी हे ऐकले तेव्हा मला त्यात थोडा अन्यायच वाटला होता. मी काही मागायला गेले नव्हते. मास्तरीण झाल्यावर मात्र त्यातली एक खुबी माझ्या ध्यानात आली. ही ऋणे ज्याची त्याला परत करायची नसतात. ऋषींचे ऋण अध्ययनाने फिटते, पितरांचे अपत्याने. ऋण मागून येते आणि त्याची फेड पुढे जाते. मला ज्यांनी शिकवले त्यांना मी काही शिकवू शकले नाही. मी शिकवले ते दुसऱ्यांच्या मुलांना. या हिशेबाने पाहिले तर अजून न जन्मलेल्या मुलावर कर्ज ठेवणे म्हणजे काही आक्रीत नव्हे. तो जन्मणार आहे तो कर्जातच. प्रश्न एवढाच, की त्याच्या हाती आपण नुसते कर्जच देतो, की कर्जाबरोबर एक घरही देतो.

इथवर आले आणि मी ‘होय’वर खूण करायला पेन उचलले. तेवढ्यात मला तात्या आठवले.

माझ्या गावाची शाळा देवळाच्या ओवरीत भरे. पावसाळ्यात ओवरी गळे आणि शाळा सुटे. १९५५ सालच्या सुमारास गावाने ठरवले की शाळेला तीन खोल्या बांधायच्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काढलेल्या रयत शिक्षण संस्थेचे वारे साऱ्या जिल्ह्यात होतेच. आपले आपण उभे राहायचे, ही हौस गावोगाव होती. वर्गणी ठरली नांगरामागे पंचवीस रुपये. ज्याला नांगर नाही त्याने अंगमेहनत द्यायची. देवळात बैठक बसली आणि पाटलांनी नावे वाचली. नाव वाचले की ज्याने त्याने ‘दिले’ म्हणायचे. माझे वडीलही ‘दिले’ म्हणाले. घरात पंचवीस रुपये नव्हते. ते सावकाराकडून आले आणि फिटायला तीन सुग्या गेल्या. मी त्या शाळेत सातवीपर्यंत गेलेली गावातली पहिली मुलगी. माझ्या शिक्षणाखाली कर्ज होते हे मला वडील गेल्यावर आईने सांगितले.

त्या बैठकीत एकटे तात्या ‘दिले’ म्हणाले नाहीत. म्हातारा गडी, मूलबाळ नव्हते. ते म्हणाले, “देतो की. पण हिशेब कोण दावणार?” बैठकीत हसू फुटले. ज्याला पोर नाही त्याला शाळेचे काय, असे कुणीसे बोलले. तात्यांनी त्या दिवशी पैसे दिले नाहीत, आणि त्या वर्षी त्यांच्या पेरणीला कुणी सावडीला गेले नाही. आम्ही पोरे त्यांच्या दारावरून जाताना ‘हिशेब, हिशेब’ म्हणून ओरडत असू. मीही ओरडले आहे. पुढे त्यांनी निमूटपणे पैसे आणून दिले. हिशेब मात्र देवळात कधी वाचला गेला नाही.

आणखी एक गोष्ट. नांगर नसलेली बहुतेक घरे महारवाड्यातली होती. त्यांनी दगड वाहिले, चिखल तुडवला. अस्पृश्यता कायद्याने १९५० सालीच गेली होती. तरी खोल्या झाल्यावर त्यांची मुले पहिली दोन वर्षे बाहेर ओसरीवर बसली. १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर कमिशनपुढे हेच गाऱ्हाणे मांडले होते, की सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणावर खर्च होतो तो वरच्या वर्गाच्या. पैसा कुणाचा आणि बाक कुणाला, हा प्रश्न माझ्या डोळ्यांसमोर ओसरीवर बसला होता आणि मला तो दिसला नव्हता.

तात्यांच्या प्रश्नाने मला पेन खाली ठेवायला लावले. शाळा ही चांगलीच गोष्ट, म्हणून तिच्यासाठी मागितलेले सारे चांगलेच, असे मी जन्मभर धरून चालले होते. मी नातवाला विचारून इंटरनेटवर थोडे वाचले. या राज्यात सॅन डिएगोच्या बाजूला पोवे म्हणून एक शाळा-मंडळ आहे. लोकांना आज कर वाढल्याचे जाणवू नये म्हणून त्याने २०११ साली असे रोखे काढले की वीस वर्षे काहीच फेडायचे नाही. उभे केले साडेदहा कोटी डॉलर. फेडायचे सुमारे ९८ कोटी. हे कर्ज म्हणजे माझ्या शेजारणीच्या भीतीचा पुरावाच. २०१३ साली कायदा झाला : असल्या रोख्यांची फेड मुदलाच्या चौपटीवर जाता कामा नये आणि मुदत पंचवीस वर्षांवर नको.

दुसरेही वाचले. १९७१ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे दोन गावांचे आकडे आले होते. श्रीमंत बेव्हर्ली हिल्स दर विद्यार्थ्यामागे १,२३१ डॉलर खर्चीत होते आणि गरीब बाल्डविन पार्क ५७७. आणि कराचा दर मात्र गरीब गावाचा दुपटीहून अधिक. न्यायालयाने तो भेद अमान्य केला. रोजच्या खर्चातला भेद त्यानंतर पुष्कळ कमी झाला. पण इमारतींचे कर्ज अजून गावाच्या घरादारांवरच उभे राहते. जिथे घरे महाग तिथे तेवढ्याच दरात अधिक पैसा जमतो. आणि ज्याने स्वतः उभे केले त्यालाच राज्याची जोड सहज मिळते. त्याच नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर राज्याच्या दहा अब्ज डॉलरांच्या शाळा-बाँडचा निराळा प्रश्न होता. गरीब मंडळांना थोडा अधिक वाटा देण्याची तरतूद त्यात केली होती. तो लोकांनी मंजूरही केला. ओसरी अरुंद झाली आहे. गेली आहे असे म्हणवत नाही.

मग ‘नाही’ म्हणावे काय? शेजारीण म्हणतात तसे, पैसे आधी साठवावेत आणि मग बांधावे? संसारात आपण हेच शिकलो. पण विचार करता मला एक दिसले. साठवून बांधायचे म्हणजे आजच्या मुलांनी गळक्या छपराखाली बसायचे आणि त्यांच्या आईबापांनी पुढल्यांच्या छपरासाठी पैसे टाकायचे. तोही एका पिढीने दुसरीवर टाकलेला भारच. फक्त उलट्या दिशेने. आणि छप्पर काही थांबत नाही. १९३३ च्या १० मार्चला संध्याकाळी सहाला काही मिनिटे कमी असताना लाँग बीच गावाला भूकंपाचा धक्का बसला. त्या भागातल्या सुमारे सत्तर शाळा पार कोसळल्या. शाळा सुटून गेलेल्या होत्या, म्हणूनच मुले वाचली. महिन्याच्या आत शाळांच्या बांधकामावर कडक कायदा झाला. धक्का सकाळी बसता तर, हा विचार ज्यांच्या मनात आला त्यांनी तो कायदा केला. त्यानंतर जन्मलेल्या किती मुलांना त्याची आठवण असेल? पण ती त्याच भिंतींच्या आत निर्धास्त बसली.

अखेर मी कामांची छापील यादी पुढे घेतली आणि जुन्या सवयीने, वह्या तपासायच्या त्या तांबड्या पेन्सिलीने, प्रत्येक कामापुढे एक आकडा लिहीत गेले. हे किती वर्षे टिकेल? छप्पर, नळ, भिंतींची मजबुती यांपुढे तीस, चाळीस. विजेच्या तारांपुढे तीस. संगणकांपुढे पाच. संगणकाचे पैसे तीस वर्षे फेडायचे म्हणजे वासरू मेल्यावर त्याच्या चाऱ्याचे हप्ते भरण्यासारखे. कर्ज संपण्यापूर्वी जी वस्तू संपते ती आपण पुढच्यांच्या पैशाने उपभोगली असा त्याचा अर्थ. आणि जी उरते ती आपण त्यांना, भाराबरोबर का होईना, देऊन गेलो. यादीत पाचाचे आकडे थोडे होते, तीस-चाळीसांचे पुष्कळ. हा माझा सारा हिशेब. तो पाटलांच्या बैठकीत कुणी मांडला असता तर तात्यांनी पहिल्यांदा पैसे दिले असते असे मला वाटते.

“मी ‘होय’ म्हणणार आहे,” मी मुलाला सांगितले. “तुझ्या आज्याने नांगरामागे पंचवीस रुपये दिले होते.”

“आज्याला नाही म्हणता आलं असतं का?” त्याने विचारले.

मी गप्प राहिले. माझ्या मुलाने नेमके तिथेच बोट ठेवले होते. वडिलांचे ‘दिले’ लाजेचे होते की हौसेचे, हे मला कधीच कळणार नाही. बहुधा त्यांनाही कळले नसेल. कारण चारचौघांत नाव वाचले जात असताना माणसाला स्वतःचे मन ऐकू येत नाही. माझ्या पुढ्यातल्या कागदावर मात्र दोन चौकटी सारख्याच आकाराच्या होत्या, आणि कोणत्या चौकटीत खूण केली ते सावडीला येणाऱ्यांना कळणार नव्हते. मी खूण केली, लिफाफा बंद केला, सही केली.

ग्रंथालयापुढच्या मतपेटीपर्यंत मी आणि शेजारीणबाई बरोबरच गेलो. त्यांनी आपला ‘नाही’ टाकला, मी माझा ‘होय’ टाकला, आणि येताना त्यांच्या झाडाच्या लिंबांचे लोणचे उपासाच्या मिठात घालावे की साध्या, यावर बोलत आलो.

बाँड मंजूर झाला. वसंतात देखरेख समितीसाठी अर्ज मागवले. तिच्यात निदान सात माणसे असावी लागतात. पालक असतात तसा करदात्यांच्या संघटनेतला एक आणि ज्येष्ठांच्या संघटनेतला एक, असे कायद्यानेच ठरवून दिले आहे. एके दिवशी शेजारीणबाई कुंपणाशी आल्या. ज्येष्ठांच्या मंडळातून त्यांनी अर्ज केला होता.

“तुम्ही?” मी म्हटले. “तुम्ही तर नाही म्हणालात!”

“म्हणूनच तर,” त्या म्हणाल्या. “होय म्हणणाऱ्यांच्या हाती हिशेब देऊ नये. बरं, तुम्ही त्या यादीवर काहीतरी आकडे लिहिले होते म्हणे. जरा दाखवता?”

सत्तर वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्याच्या दारावरून ओरडत जाणारी मुलगी मला त्या क्षणी आठवली. मी आत जाऊन ती यादी, तांबडी पेन्सिल आणि माझा चष्मा घेऊन आले, आणि कुंपणाचे फाटक उघडून त्यांना आत बोलावले.